माइक कोणाच्या हाती

भयपटासारखा दिसणारा, आणि मधेमधे अडवून ‘आता काय करायचं?’ असं विचारणारा गेम एकट्याने खेळावा की मित्राला शेजारी बसवून, यावर माझं आणि ताईचं कधीच पटलेलं नाही. ताई एकटी खेळते, दिवे मालवून, हेडफोन लावून. मी मित्राबरोबर खेळतो. आवडता गेम मात्र दोघांचा एकच, ‘अन्टिल डॉन’. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या सुपरमॅसिव्ह गेम्स या कंपनीने तो २०१५ साली प्लेस्टेशन ४ साठी आणला. कॅनडातल्या बर्फाळ डोंगरावर एक बंगला आणि तिथे रात्रीपुरते जमलेले आठ तरुण मित्रमैत्रिणी. वर्षभरापूर्वी याच बंगल्यातून दोन जुळ्या बहिणी नाहीशा झालेल्या. खेळणारा आळीपाळीने या तरुणांच्या जागी जातो, आणि त्याने घेतलेल्या निर्णयांवर ठरतं की उजाडेपर्यंत कोण उरणार.

ज्यांना हे गेम अजून खेळायचे आहेत त्यांना आधीच सांगून ठेवतो : पुढच्या बोलण्यात गुपितं फुटणार आहेत. ती झाकून हा वाद घालता येत नाही.

ताई : अरे, दोघं बसले की भीती उरतच नाही. नारायण धारपांची कादंबरी चौघांनी गोल बसून वाचली, असं कधी ऐकलंयस? शेजारी माणूस असला की आधी तो हसतो, मग तू हसतोस. बर्फात मागे फांदी मोडल्याचा आवाज होतो तेव्हा मी श्वास रोखून बसते. तुमची मात्र मोठमोठ्याने चर्चा चाललेली असते, कुठून येईल, कसा येईल. मी ऐकलंय पलीकडच्या खोलीतून.

मी : बोलतो आम्ही, आणि दचकवणारे प्रसंग त्यामुळे पातळ होतात हेही खरं. खिडकीवर काहीतरी आपटतं, अंधारातून कोणी झेप घेतं, ते शेजारी कोणी असलं की फारसं लागत नाही. पण दचकणं क्षणाचं असतं. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

ताई : मुळात तो गेम एकट्यासाठी बनवलाय. त्यात दुसऱ्याला जागाच नाही.

मी : जागा नव्हती, ती लोकांनी केली. कंट्रोलर एकच, तो हातोहात फिरवायचा आणि पात्रं वाटून घ्यायची. लोक असं खेळतात हे कंपनीच्याही लक्षात आलं. २०१९ च्या ‘मॅन ऑफ मेदान’मध्ये त्यांनी पाच जणांपर्यंत कंट्रोलर फिरवत खेळायची सोय मुद्दाम ठेवली. कोण कोणतं पात्र घेणार ते सुरुवातीलाच ठरतं, आणि पाळी बदलली की कंट्रोलर कोणाकडे द्यायचा ते गेमच सांगतो.

ताई : मग कोणती ती वेगळी भीती? नुसतं वेगळी वेगळी म्हणू नकोस.

मी : एमिलीचं सांगतो. पात्रं वाटताना एमिली मी घेतली, कारण मित्राला ती नकोच होती. फटकळ, आपलंच खरं करणारी. पण खाणीतून ती जीव घेऊन धावते तो सगळा भाग मी खेळलो, आणि धावता धावता ती मला आवडायला लागली. शेवटी ती बाकीच्यांपर्यंत पोचते. तळघरातल्या एका खोलीत सगळे दडून बसलेत. बाहेर हिंडणारे राक्षस म्हणजे माणसाचं मांस खाऊन पालटलेली माणसं आहेत, हे नुकतंच कळलेलं. तेवढ्यात ॲश्लीला एमिलीच्या अंगावरचा चावा दिसतो. झालं! ही पण आता पालटणार, हिला बाहेर काढा. माइकच्या हातात पिस्तूल आहे. आणि माइक मित्राचा.

ताई : हं.

मी : पडद्यावर एमिली रडतेय, विनवतेय. पिस्तुलाचा नेम तिच्यावर. तिथे ‘सोडून दे’ असं बटण नाही. झाडायची नसेल तर काही न करता थांबून राहायचं, बस्. मी मित्राला म्हटलं, थांब, चावल्याने पालटतात हे कोणी सांगितलंय? त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘खोलीत बाकीचे पण आहेत,’ एवढंच म्हणाला. आणि झाडली.

ताई : मी नव्हती झाडली.

मी : ऐक पुढे. थोड्या वेळाने त्या डोंगरावर राहणाऱ्या अनोळखी माणसाची वही ॲश्लीच्या हाती लागते. त्यात स्पष्ट लिहिलंय की चाव्याने कोणी पालटत नाही. ॲश्लीसुद्धा मित्राकडेच होती. म्हणजे ते पान त्यालाच उघडावं लागलं, आणि त्यालाच वाचावं लागलं. शेजारी मी बसलेलो. माझ्याकडे आता एमिली नव्हती, त्यामुळे कंट्रोलर माझ्याकडे येण्याच्या पाळ्याही कमी झाल्या होत्या. मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही. काही दिवसांनी आम्ही चहा पीत वेगळ्याच विषयावर बोलत होतो, आणि तो मधेच म्हणाला, ‘मला बाकीच्यांना वाचवायचं होतं रे.’

ताई : वाईट वाटलं त्याला. ते मलाही वाटलं असतं, एकटी असते तरी.

मी : वाटलं असतं. पण तू काय केलं असतंस? गेम पहिल्यापासून सुरू केला असतास, या वेळी झाडली नसतीस आणि विषय संपला असता. एमिली मेली होती हे जगात कोणालाच ठाऊक नसतं. त्याला ते करता आलं नाही, कारण मला ठाऊक होतं. निर्णयाला साक्षीदार मिळाला की तो पुसता येत नाही. माझी भीती ती आहे, ताई. राक्षस काय करेल याची नाही. शेजारी बसलेला, ज्याला मी कॉलेजपासून ओळखतो, तो काय करेल याची.

ताई इथे थोडा वेळ गप्प बसली. तिला पटलं म्हणून नव्हे. ती उत्तर जुळवत होती, आणि जे जुळवलं ते तिच्या स्वतःच्या खेळण्यातलं होतं.

ताई : माझंही ऐक मग. ख्रिस आणि ॲश्ली खुर्च्यांना जखडलेले, वरून करवती खाली येतायत, आणि ख्रिसपुढे पिस्तूल. ॲश्लीला मारायचं की स्वतःला. मी ख्रिसला ॲश्लीवर चाप ओढायला लावला. पिस्तुलात नुसता बार होता, गोळी नव्हती, कोणाला काही झालं नाही. मला वाटलं, सुटलो. पुढे बऱ्याच वेळाने ख्रिस बर्फातून पळत बंगल्याच्या दाराशी येतो, मागे राक्षस. आत ॲश्ली उभी. आणि ती दार उघडत नाही. गेम मला विचारतसुद्धा नाही. ती नुसती बघत उभी राहते आणि ख्रिस तिच्यासमोर मरतो. माझ्या अंगावर काटा आला. साक्षीदार कशाला हवा? ॲश्लीच होती ना साक्षीदार!

मी : पण ॲश्लीही तूच होतीस.

ताई : तेच तर भयंकर होतं.

मी : भयंकर होतं, पण तू स्वतःच स्वतःला बाहेर ठेवलंस. हाच प्रसंग दोघांत वाट. ख्रिस एकाचा, ॲश्ली दुसऱ्याची. एकाने दुसऱ्याच्या माणसावर चाप ओढला. नंतर तोच जीव घेऊन दाराशी आला, आणि ते उघडेना. गेमने विचारलं नाही हे खरं, पण एवढा वेळ ॲश्लीला जपणारा माणूस शेजारीच बसलाय, आणि त्याला त्या ख्रिसची फारशी दया येत नाहीये. ते तुला एकटीला कुठून मिळणार?

ताई : हे मिळवण्यासाठी मी काय काय घालवायचं? आवाज, काळोख, लय. त्या लोकांनी एकेक पावलाचा आवाज कानाजवळ आणून ठेवलाय. तुमच्या गप्पांत ते सगळं बुडतं. शिवाय निवड निवड म्हणून तू जे मिरवतोस ना, ती बरीचशी पोकळ आहे. सॅम आणि माइक शेवटच्या प्रसंगापर्यंत मरूच शकत नाहीत. तुम्ही काहीही निवडा, गेम त्यांना तिथवर ओढत नेतोच. फाटे फुटतात आणि दोन प्रसंगांनी पुन्हा एकत्र येतात. त्याच कंपनीचा ‘द क्वारी’ आला तेव्हा १८६ शेवट आहेत म्हणून केवढा गाजावाजा! त्यातला फरक बहुतेक ठिकाणी एवढाच, की कोण जगलं आणि कोण गेलं.

मी : कोण जगलं, कोण गेलं, हा फरक ‘एवढाच’?

ताई : बोलू दे. ही युक्ती जुनी आहे. १९६७ साली मॉन्ट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात ‘किनोऑटोमॅट’ नावाचा चित्रपट दाखवायचे. रादुझ चिंचेराचा. प्रत्येक खुर्चीला एक हिरवं आणि एक लाल बटण. चित्रपट मधेच थांबायचा, सूत्रधार रंगमंचावर येऊन विचारायचा, नायकाने आता काय करावं? लोक मत द्यायचे, बहुमताप्रमाणे पुढचा भाग सुरू. आणि गंमत ही की लोकांनी कशालाही मत दिलं तरी गोष्ट फिरून त्याच वाटेला लागायची. घराला आग लागायची ती लागायचीच. तुमचा मित्रांबरोबरचा खेळ म्हणजे हेच. बटण दाबल्याचं समाधान.

किनोऑटोमॅटचं उदाहरण मला आवडलं, कारण दोघांनी खेळण्यात काय निराळं आहे ते मला त्यातूनच नीट सांगता आलं.

मी : त्या सभागृहात बहुमत होतं. शंभरातल्या एकाच्या मताला किती वजन? दोघांत बहुमत नसतं, ताई. एक इकडे, एक तिकडे, आणि वेळ सरत चाललेली. अशा वेळी ज्याच्या हातात कंट्रोलर त्याचंच चालतं. दुसऱ्याला नुसतं बोलता येतं. एमिलीच्या वेळी मी तसाच बोलत होतो. गोष्ट पुढे कुठल्या वाटेला लागायची ती लागू दे. मला ते थांबवता आलं नाही, आणि त्याने माझं ऐकलं नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या घडल्या.

ताई : आणि कंट्रोलर टेबलावर ठेवायची ती लबाडी? तीही खरी घडली ना?

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी : ‘अन्टिल डॉन’मध्ये काही ठिकाणी राक्षस अगदी तोंडासमोर येतो. त्याला हलणारी वस्तूच दिसते, म्हणून पात्राने निश्चल राहायचं. आणि पात्राने निश्चल राहायचं म्हणजे खेळणाऱ्याने कंट्रोलर यत्किंचितही हलू द्यायचा नाही. आतला सेन्सर हाताची थरथर टिपतो. जरा हलला की माणूस गेला. या सगळ्या गेममध्ये मला याहून सुंदर काही सापडलेलं नाही. भीतीने हात कापतो आणि कापलेल्या हातानेच पात्र मरतं. यावर लोकांनी पळवाट काढलीय : कंट्रोलर सरळ टेबलावर ठेवून द्यायचा.

मी : मित्र ठेवायला निघाला होता. मी म्हटलं, नाही, हातातच धर. तो म्हणाला, सॅम मरेल. म्हटलं, मरू दे, पण हातात धर. त्याने धरला, आणि त्याचे हात किती कापत होते ते मला शेजारून दिसत होतं. मीही श्वास घेत नव्हतो, माझ्या श्वासाने काही फरक पडणार नव्हता तरी. एकटा असता तर त्याने तो टेबलावर ठेवला असता, आणि त्याला अडवणारं कोणी नसतं.

ताई : मी कधीच ठेवला नाही.

मी : तू नाही ठेवणार. तुझी गोष्ट वेगळी आहे.

ताई : वेगळी नाही. एकट्याने खेळणाऱ्याला आपल्यावर आपलाच पहारा ठेवावा लागतो. मला ते जास्त कठीण वाटतं.

हे ती नेहमीसारखंच, साधेपणाने म्हणाली. या मुद्द्यावर ती माझ्यापुढे आहे असं मला वाटतं. मी विषय ‘मॅन ऑफ मेदान’कडे नेला.

या गेमची मुळं एका दर्यावर्दी दंतकथेत आहेत. १९४० च्या दशकात मलाक्काच्या सामुद्रधुनीत ‘ओरांग मेदान’ नावाच्या डच जहाजाने मदतीचा संदेश पाठवला, मदत पोचली तेव्हा सगळे खलाशी मरून पडलेले आणि चेहऱ्यांवर दहशत गोठलेली, अशी ती कथा. या नावाच्या जहाजाची अधिकृत नोंद सापडलेली नाही. गेममध्ये पाच तरुण समुद्रात बुडालेलं दुसऱ्या महायुद्धातलं विमान शोधायला निघतात आणि अशाच एका मेलेल्या जहाजावर जाऊन पोचतात. इथे दोघांनी खेळायचा खास प्रकार आहे. दोघं आपापल्या घरी, आपापल्या स्क्रीनपुढे, पात्रं वेगवेगळी, गोष्ट एकच, आणि दोघांचे निर्णय एकमेकांत मिसळत जाणारे.

मी : मित्र तोवर नोकरीसाठी बंगळूरला गेला होता. मी समुद्राच्या तळाशी विमानाच्या सांगाड्यात ॲलेक्स होऊन फिरतोय, ज्युलिया बरोबर आहे. त्याच वेळी वर नावेवर तो कॉनराड झालाय. कॉनराड म्हणजे पैशाचा माज असलेला. दुसऱ्या होडीतून अनोळखी कोळी येतात, आणि त्यांच्याशी गोडीने बोलायचं की त्यांना डिवचायचं हे त्याच्या हातात. मला यातलं काही दिसत नाही, फक्त हेडफोनमध्ये त्याचा आवाज. विचारलं, वर काय चाललंय? म्हणाला, काही नाही, पाहुणे आलेत. त्या ‘काही नाही’मध्ये भांडण होतं, हे मला वर गेल्यावर कळलं.

ताई : तो खोटं बोलला?

मी : त्याला वाटलं मी घाबरून घाई करेन. खोल पाण्यातून वर येताना मधे थांबावं लागतं, नाहीतर रक्तातला वायू बुडबुड्यांसारखा सुटतो आणि माणूस आजारी पडतो. गेम तिथे विचारतो : थांबायचं की तडक वर जायचं? त्याच्या शब्दावर मी थांबलो, आणि ज्युलिया धड वर आली. तो खरं बोलला असता तर मी सुटलो असतो सरळ वर. म्हणजे त्याने मला फसवलं, आणि त्यातच माझं भलं झालं. आता यावर रागवायचं की आभार मानायचे?

ताई : आणि जहाजावरचा तो वायू?

मी : तिथे तर कहरच. जहाजाच्या पोटात जो माल आहे त्यातून वायू सुटतो आणि माणसाला भास होतात. दोघांनी खेळताना ते भास दोघांना सारखे दिसत नाहीत. एकाच्या स्क्रीनवर राक्षस अंगावर येतोय, आणि याच्या स्वतःच्या हातात सुरी आहे. दुसऱ्याच्या स्क्रीनवर मात्र आपला सोबती सुरी उगारून उभा आहे. मी हेडफोनमध्ये ओरडत होतो, अरे तो मी आहे! आणि तो म्हणत होता, तू कुठे आहेस, मला तर दिसतच नाहीस.

ताई : आता तूच बघ तू काय म्हणालास ते. तुला सगळ्यात जास्त भीती कुठे वाटली? जिथे तुम्हाला वेगळं केलं तिथे! सोफ्यावर शेजारीशेजारी बसून नाही. दोन घरं, दोन स्क्रीन, एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही. गेम बनवणाऱ्यांनाही कळलं की घाबरवायचं तर आधी माणसाला एकटं पाडावं लागतं. म्हणजे मी पहिल्यापासून जे म्हणतेय तेच.

या वादातला तिचा हा सगळ्यात जोरकस मुद्दा. तो तिने माझ्याच तोंडून काढून घेतला.

मी : एकटं पाडलं, मान्य. पण कोणापासून? तू खेळतेस तेव्हा तुला कोणापासून तोडणार? तू आधीपासूनच एकटी आहेस. दोघं जोडलेले असतील तरच मधली दोरी कापता येते. मला त्याचा आवाज ऐकू येत होता, तो माझं नाव घेऊन हाका मारत होता, आणि तरी मी त्याला राक्षस दिसत होतो. तो आवाज नसता तर तो नुसता भासाचा प्रसंग झाला असता. असे प्रसंग तुझ्या सगळ्याच गेममध्ये असतात.

ताई : मग त्यांच्याच ‘हाउस ऑफ ॲशेस’चं काय? २००३ सालचा इराक, अमेरिकन सैनिक जेसन आणि इराकी सैनिक सलीम, दोघंही जमिनीखालच्या प्राचीन मंदिरात अडकतात. सलीमला मुलाकडे घरी जायचंय. वर असते तर दोघांनी एकमेकांना गोळी घातली असती, खाली राक्षस आहेत म्हणून पाठीला पाठ लावून लढतात. मी एकटी खेळले म्हणून मी दोघंही होते. आधी सलीमच्या भीतीने जेसनकडे पाहिलं, मग जेसनच्या संशयाने सलीमकडे. तुझ्या पद्धतीत मला एकच मिळाला असता. दुसरा कायम समोरचाच राहिला असता. दोन शत्रूंच्या मनात एकाच रात्री जाऊन यायला मिळणं ही थोडीथोडकी गोष्ट आहे का?

मी : नाही. थोडीथोडकी नाही.

ताई : मग?

मी : मग काही नाही. तिथे तुझं खरं आहे. मी सलीम होतो, आणि जेसन काय ठरवेल हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. सलीमलाही ते माहीत नसतं. एवढंच मला मिळालं. जेसनला आतून कसं वाटतं ते मला अजून ठाऊक नाही.

ताई : एमिलीवर झाडली त्या मित्राला पुढच्या वेळी माइक दिलास?

मी : दिला. आम्ही ‘अन्टिल डॉन’ पुन्हा खेळलो तेव्हा मीच म्हटलं, माइक तूच घे. तो त्या खोलीत आला, नेम एमिलीवर, आणि तो नुसता थांबून राहिला. एमिली वाचली.

ताई : वाचणारच. वहीत काय लिहिलंय ते त्याला आता ठाऊक होतं.

मी : हो. म्हणून त्या वेळी तिथे काहीच नव्हतं. ना त्याला, ना मला. आम्ही पुढे गेलो. एका माणसाबरोबर हा गेम एकदाच खेळता येतो असं वाटतं मला. दुसऱ्या कोणाबरोबर पुन्हा खेळता येईल, पण त्याच्याबरोबर नाही.

ताई : बघ, आणि मला सगळं पाठ आहे. कोण कुठून येणार, कुठे थांबायचं, शेवटी सॅमने दिव्याच्या बटणाकडे कधी धावायचं. तरी तो बंगल्यातला शेवटचा प्रसंग आला की माझा हात कापतो. प्रत्येक वेळी कापतो.

मी : सगळं पाठ असताना?

ताई : सगळं पाठ असताना. मागच्या रविवारी सॅम मेली माझी.